चौदा दिवसांची उघडीप

माझी आत्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. संगमेश्वरजवळच्या एका गावातील शाळेत तिची जवळजवळ सारी नोकरी झाली. २०१२ साली तिच्या माजी विद्यार्थ्यांनी तिच्यावर एक छोटी स्मरणिका काढली आणि तिने माझ्या वडिलांना लिहिलेले एक पत्र मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले. ही भावंडे एकमेकांना इंग्रजीतच लिहीत. मुलांचे इंग्रजी सुधारावे म्हणून आजोबांनी लावलेली ती सवय पुढे आयुष्यभर टिकली. पत्र निळ्या आंतर्देशीयावर होते, तारीख १९ ऑगस्ट १९८६. मुंबईतील उपचारांचा पहिला टप्पा आटोपून आत्या गावी आली होती. दुसऱ्या टप्प्यासाठी तिला तीन आठवड्यांनी परत जायचे होते. त्याप्रमाणे ती मुंबईला गेली, पण तिथून घरी आली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ती वारली.

पत्रात घरच्या साध्या गोष्टी होत्या. दोन दिवस पाऊस थांबला आहे, माणसे बेणणीला गेली आहेत, जेवण जाते आहे, सकाळी विहिरीच्या काठावर जाऊन बसता येते. आणि मग ही तीन वाक्ये : 'दीज आर माय हॅल्सियन डेज. दे से फोर्टीन. आय हॅव बीन गिव्हन ट्वेंटी-वन.'

पहिले वाक्य मला सोपे वाटले. हॅल्सियन डेज म्हणजे सुखाचे, सोनेरी दिवस. महाविद्यालयांच्या स्नेहमेळाव्यांत इंग्रजीतून भाषण करणारा वक्ता जे हमखास आठवतो, ते. मी लिहिले, 'ते माझे सोनेरी दिवस होते.' पुढच्या दोन वाक्यांचा मात्र अर्थ लागेना. चौदा काय आणि एकवीस काय? इंजेक्शने असतील, नाहीतर गोळ्या. आजारपणाचा तपशील स्मरणिकेत कशाला, असे स्वतःला समजावून मी ती वाक्ये गाळून टाकली.

गाळलेल्या वाक्यांचा अर्थ मला पुष्कळ उशिरा, ॲरिस्टॉटलचा प्राणिविषयक ग्रंथ सहज चाळताना लागला. त्यामागोमाग कळले की पहिले वाक्यही मी चुकीचे लिहिले होते. चूक एका शब्दाची होती, पण तिच्या मुळाशी जायला मला त्या शब्दाच्या अडीच हजारांहून अधिक वर्षांच्या वाटेवरून मागे जावे लागले.

२

हॅल्सियन हे मुळात एका पक्ष्याचे नाव आहे, आणि तो पक्षी म्हणजे आपला खंड्या. ग्रीक भाषेत त्याला 'अल्क्युऑन' म्हणत. हा शब्द ग्रीकांनाही कुठून मिळाला, याचा समाधानकारक उलगडा व्युत्पत्तिशास्त्र करू शकलेले नाही. ग्रीक लोक त्या भूमीत येण्यापूर्वीच्या एखाद्या भाषेतून तो आला असावा, असे मानले जाते.

या 'अल्क्युऑन'मध्ये 'ह' नव्हता. ग्रीक लिपीत स्वराने सुरू होणाऱ्या शब्दावर एक बारीक खूण असते. तिच्या दिशेवरून आधी 'ह' उच्चारायचा की नाही, हे कळते. या शब्दावर हकाराची खूण पुढे आली आणि तिच्यामागे एक कल्पना होती. ग्रीकमध्ये 'हाल्स' म्हणजे समुद्र आणि 'क्युओ' म्हणजे गर्भ धारण करणे. तेव्हा 'हाल्क्युऑन' म्हणजे समुद्रावर गर्भ धारण करणारी, समुद्रावर अंडी उबवणारी! शब्दाचा खरा अर्थ हरवला की लोक ओळखीच्या शब्दांतून त्याला नवा अर्थ देतात. याला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो. इंग्रजीत 'आयलंड' या शब्दात जो न उच्चारला जाणारा 'एस' आहे, तोही असाच. 'आइल' या वेगळ्याच कुळातील शब्दाशी नाते आहे, असे समजून तो मागाहून घातला गेला.

पण 'आयलंड'मधील 'एस'ने बेटाविषयीची आपली समजूत बदलली नाही. इथे त्या एका हकाराने पक्ष्याला नदीकाठावरून उचलून भर समुद्रात नेऊन ठेवले. खंड्याचे घरटे समुद्रावर तरंगत नाही. तो नदी-ओढ्याच्या मातीच्या दरडीत आडवे बीळ कोरतो आणि त्याच्या टोकाशी अंडी घालतो. समुद्रावर घरटे ही समजूत आधीची आणि 'ह' नंतरचा, की उलट, हे सांगणे अवघड. दोघांनी एकमेकांना बळ दिले, हे मात्र नक्की.

समुद्रावर घरटे म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. लाटांत ते टिकते कसे? या प्रश्नाच्या उत्तरात आत्याचे चौदा दिवस होते.

३

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने 'प्राण्यांचा इतिहास' या ग्रंथाच्या पाचव्या भागात या पक्ष्याची नोंद केली आहे. हिवाळ्यातील अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास तो वितो. अयनदिनापूर्वीचे सात आणि नंतरचे सात दिवस हवा शांत असली, तर त्यांना अल्क्युऑनचे दिवस म्हणतात. पहिल्या सात दिवसांत पक्षी घरटे बांधतो, पुढल्या सातांत अंडी घालून पिले काढतो, असे सांगतात. ॲरिस्टॉटलने इथे सिमोनिडीस या त्याच्या आधीच्या कवीचा आधार दिला आहे. ऐन हिवाळ्यात खुद्द झ्यूस चौदा दिवस वारा थोपवतो आणि लोक त्या काळाला पवित्र मानतात, असा त्या कवितेचा आशय आहे.

ॲरिस्टॉटल पुढे एक सावध पुस्ती जोडतो. आमच्या भागात हे दिवस अयनदिनाच्या वेळी नेमके येतातच असे नाही, सिसिलीच्या समुद्रात मात्र येतात. म्हणजे तेव्हाही हे पंचांगातील ठरलेले दिवस नव्हते. मिळाले तर मिळाले, अशी ती गोष्ट होती.

या समजुतीत निरीक्षणाचा अंश आहे. ग्रीसमध्ये आजही 'अल्क्युऑनचे दिवस' हा हवामानाचा रोजच्या वापरातील शब्द आहे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, बहुधा जानेवारीत, त्या प्रदेशावर हवेचा जास्त दाब स्थिरावतो, वारे पडतात आणि काही दिवस स्वच्छ ऊन पडते. मग पुन्हा थंडी-वारा सुरू होतो. घरट्याविषयीही ॲरिस्टॉटलचा तर्क सर्वस्वी पोकळ नव्हता. ते एका काटेरी माशाच्या काट्यांचे बनलेले असावे, असे तो एके ठिकाणी म्हणतो. खंड्याच्या बिळात पक्ष्यांनी ओकून टाकलेले माशांचे काटे खरोखरच साचलेले असतात. कोणीतरी बिळातील काटे पाहिले होते, कोणीतरी समुद्र शांत झालेला पाहिला होता. दोन्ही खरे होते, जोडणी तेवढी चुकली.

चौदाचा हिशेब असा लागला. जगाला चौदा दिवस मिळतात म्हणे, मला डॉक्टरांनी एकवीस दिले आहेत, असे आत्या आपल्या भावाला सांगत होती, आणि सांगताना थोडी थट्टाही करत होती. उपचारांच्या दोन टप्प्यांमधील ते तीन आठवडे होते.

४

ते दिवस पक्ष्याला का मिळाले, याची कथा ओव्हिड या रोमन कवीने 'मेटामॉर्फसिस'च्या अकराव्या सर्गात सांगितली आहे. इंग्रजीत तिच्या नायिकेला ॲल्सायनी म्हणतात. मी मूळ ग्रीक उच्चाराजवळचे 'अल्क्युओनी' वापरतो. ती वाऱ्यांचा स्वामी एओलस याची मुलगी आणि ट्रॅकिसचा राजा केयुक्स याची राणी. केयुक्स समुद्रापार क्लॅरॉसच्या देवस्थानी कौल घ्यायला निघतो. ती त्याला अडवते. वारे काय असतात, हे तिने बापाच्या घरी लहानपणीच पाहिलेले असते. तो ऐकत नाही. वादळात जहाज फुटते आणि तिचे नाव घेत केयुक्स बुडतो. इकडे ती रोज देवळात जाऊन त्याच्या परतीसाठी नवस बोलते. जो मेला आहे त्याच्यासाठी चाललेली ती प्रार्थना जूनो देवीलाच ऐकवत नाही. ती निद्रादेवाकडे निरोप धाडते आणि त्याचा मुलगा मॉर्फियस केयुक्सच्या रूपाने, भिजलेल्या अंगाने, अल्क्युओनीच्या स्वप्नात येऊन तिला खरे काय ते सांगतो. सकाळी ती किनाऱ्यावर जाते. लाटांबरोबर एक देह येताना दिसतो. बंधाऱ्यावरून ती उडी टाकते, ती पाण्यात न पडता पक्षी होऊन उडते. देवांना दया येते, तोही पक्षी होतो. त्यानंतर दर हिवाळ्यात ती समुद्रावरच्या घरट्यात अंडी उबवत असताना एओलस आपल्या नातवंडांसाठी वारे कोंडून ठेवतो. ओव्हिडच्या हिशेबाने ते दिवस सातच.

याच जोडप्याची दुसरीही एक कथा ग्रीक परंपरेत आहे. ही दोघे एकमेकांना झ्यूस आणि हेरा म्हणू लागली, या उन्मत्तपणाबद्दल देवांनी त्यांना पक्षी करून टाकले. तिथे पक्षी होणे ही शिक्षा आहे, ओव्हिडने तीच करुणा केली. त्याच्याही पुष्कळ आधी होमरच्या 'इलियड'मध्ये, नवव्या सर्गात, एका मुलीला तिचे आईबाप अल्क्युओनी या नावाने हाक मारतात. अपोलोने पळवून नेले तेव्हा तिच्या आईने दुःखी अल्क्युऑन पक्ष्यासारखा आक्रोश केला होता, म्हणून. या पक्ष्याच्या नावात शांततेच्या आधी शोक होता. शांतता आली ती शोकाच्या पोटात, थोड्या दिवसांपुरती.

'थोड्या दिवसांपुरती' यावर माझा भर आहे, कारण प्राचीन लोकांनी हा शब्द लाक्षणिक अर्थाने वापरला तेव्हाही ती मर्यादा सोडलेली नाही. प्लॉटस या रोमन नाटककाराच्या 'कासिना' या प्रहसनाच्या प्रारंभी सूत्रधार प्रेक्षकांना सांगतो की उत्सव चालू आहेत, सावकारांना सुटी आहे, बाजारचौकात सध्या अल्क्युऑनचे दिवस आहेत. म्हणजे कर्ज फिटलेले नाही, तगादा तेवढा थांबला आहे.

५

इंग्रजीत ही कथा चौदाव्या शतकात पोचली. चॉसरने 'द बुक ऑफ द डचेस' या काव्याच्या आरंभी ती घेतली. हे काव्य लँकेस्टरच्या ब्लान्श या सरदारपत्नीच्या मृत्यूच्या निमित्ताने लिहिलेले. ब्लान्श १३६८ साली वारली. चॉसरने कथेचा शेवट कापला. त्याची अल्क्युओनी नवऱ्याचे मरण कळल्यावर तिसऱ्या दिवशी मरून जाते. पक्षी नाही, घरटे नाही, शांत समुद्र नाही. दुःख ताजे असणाऱ्या वाचकासमोर तो दिलासा ठेवायला तो धजला नसावा, असे मला वाटते. त्याचा समकालीन गॉवर याने मात्र पक्ष्यांसकट पूर्ण कथा सांगितली.

शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात हॅल्सियन डेज हे शब्द जोन ऑफ आर्कच्या तोंडी येतात. वेढ्यात सापडलेल्या फ्रेंचांना ती येऊन सांगते की आता सेंट मार्टिनचा उन्हाळा येईल, हॅल्सियन दिवस येतील. सेंट मार्टिनचा दिवस ११ नोव्हेंबरचा. त्या सुमारास, थंडी सुरू झाल्यावर, मध्येच जे उबदार दिवस येतात त्यांना ते नाव आहे. शेक्सपिअरने दोन समानार्थी शब्द शेजारी ठेवले आणि दोन्हींचा अर्थ एकच, प्रतिकूल ऋतूच्या मधोमध आलेले अनुकूल दिवस. युद्ध संपलेले नाही आणि बोलणारी भूतकाळाबद्दल बोलत नाही.

त्याच काळात इंग्लंडमध्ये या पक्ष्याविषयी दुसरीही समजूत होती. मेलेला, वाळवलेला खंड्या दोरीने टांगला की वारा जिकडून येतो तिकडे चोच करतो. 'किंग लिअर'मध्ये मालकाच्या मर्जीप्रमाणे चोच फिरवणाऱ्या खुशमस्कऱ्यांवर केंट तोंड सोडतो, ते या समजुतीच्या आधाराने. सर टॉमस ब्राउन या वैद्याने प्रचलित गैरसमजुतींचे खंडन करणारा एक ग्रंथ १६४६ साली प्रसिद्ध केला. त्याने रेशमी धाग्याला खंड्या टांगून पाहिला. पक्षी वाऱ्याला जुमानेना. मग त्याने दोन टांगले. दोघांची तोंडे अनेकदा दोन दिशांना! वाऱ्याचा आणि या पक्ष्याचा संबंध अशा रीतीने एका खोलीत, एका धाग्यावर तुटला.

पक्षी गेला, समुद्र गेला, शब्द राहिला. कथा विसरली गेल्यावर 'हॅल्सियन'चा अर्थ नुसता 'शांत, सुखाचा' एवढाच उरला, आणि सुख बहुधा मागे वळून पाहतानाच दिसत असल्यामुळे तो शब्द हळूहळू गतकाळाला चिकटला. आजचे इंग्रजी कोश त्याचा अर्थ देताना गेलेल्या काळाचा उल्लेख करतात. माझ्या डोक्यात बसलेला अर्थ हाच होता. म्हणून 'दीज' हा स्वच्छ वर्तमानकाळी शब्द डोळ्यांसमोर असताना मी 'ते' लिहिले आणि 'आर'चे 'होते' केले. शब्दाच्या रूढ अर्थावर मी इतका विसंबलो की पुढ्यातील व्याकरण मला दिसले नाही. वर्गात हे वाक्य मी असे केले असते, तर आत्याने वहीवर लाल रेघ ओढली असती.

६

ओव्हिडच्या त्या कुटुंबाची नावे आज आपल्याकडे, महाराष्ट्राच्या तळ्या-ओढ्यांवर वावरत आहेत, हे मला या शोधात कळले. पक्षिशास्त्रज्ञांनी ती वाटून दिली. विजेच्या तारेवर बसलेला, तांबूस डोक्याचा, पांढऱ्या गळ्याचा, निळ्या पंखांचा आपला नेहमीचा खंड्या म्हणजे शास्त्रीय नावाने 'हॅल्सियन स्मिर्नेन्सिस'. यातील हॅल्सियन हे प्रजातीचे नाव स्वेन्सन याने १८२१ साली दिले. स्मिर्ना हे लिनियसने १७५८ साली दिलेले, आजच्या तुर्कस्तानातील इझमीरचे जुने नाव. केयुक्स ज्या क्लॅरॉसला निघाला होता, ते याच इझमीरच्या परिसरात आहे. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगणारा काळा-पांढरा कवड्या खंड्या 'सेरिल' झाला. ग्रीक कवी अल्कमानने अल्क्युऑनच्या थव्यात उडणारा जो 'केरिलॉस' पक्षी सांगितला, त्याचे हे नाव. आणि पावसाळ्यात कोकणात येणारा, चिमणीएवढा, केशरी-जांभळा तिबोटी खंड्या 'सीक्स' प्रजातीतला, म्हणजे साक्षात बुडालेला केयुक्स. काही निळ्या खंड्यांची 'ॲल्सायनी' नावाची एक वेगळी प्रजातीही स्वेन्सनने १८३७ साली केली होती. पुढे अभ्यासकांना ते पक्षी 'सीक्स'चेच सख्खे नातलग दिसले आणि ती प्रजाती 'सीक्स'मध्ये मिळवण्यात आली. वर्गीकरणाच्या कोरड्या वहीत नवरा-बायको पुन्हा एका नावाखाली आली.

तिबोटी खंड्याने मला आणखी एक गोष्ट दाखवली. तो घरटे करतो ते कोकणातील भर पावसात, जून ते सप्टेंबर, ओढ्याकाठच्या ओल्या दरडीत. त्याच्यासाठी कोणी वारे कोंडत नाही. पाऊस कोसळतो, मध्ये थोडा थांबतो, पुन्हा कोसळतो. त्या थांबण्याच्या वेळात तो पिलांना भरवायचे काम उरकून घेतो.

हे थांबणे म्हणजे उघडीप. मी इतके दिवस 'हॅल्सियन'साठी सोनेरी, रम्य, सुवर्णकाळ असे शब्द शोधत होतो आणि नेमका शब्द आत्याच्या पत्रातच होता, इंग्रजीचा अंगरखा घालून. दोन दिवस पाऊस थांबला आहे, माणसे बेणणीला गेली आहेत. उघडीप म्हणजे पावसाळा संपणे नव्हे. उघडिपीत शेतकरी हात जोडून बसत नाही. तण काढतो, खत टाकतो, कपडे वाळवतो, कारण पाऊस परत येणार हे त्याला पक्के माहीत असते. सिमोनिडीसचे चौदा दिवस, प्लॉटसचा तगादा थांबलेला चौक, जोनचा वेढ्यातील उन्हाळा या सगळ्यांना पुरून उरेल असा हा शब्द आहे. त्यात पक्षी नाही, ही उणीव मी मान्य करतो.

ही गोष्ट केवळ शब्दाच्या काटेकोरपणाची असती, तर मी इतके लिहिले नसते. माझ्या भाषांतरात आत्या गेलेल्या दिवसांसाठी झुरणारी आजारी बाई झाली होती. स्मरणिका वाचणाऱ्या तिच्या विद्यार्थ्यांनी तिला तशीच पाहिली असेल. पत्रातील आत्या तशी नाही. पुढे काय आहे, हे तिला माहीत आहे. हातात किती दिवस आहेत, ते तिने मोजले आहेत आणि ते दंतकथेतल्यापेक्षा सात जास्त भरले म्हणून ती खूश आहे. ती विहिरीच्या काठावर बसली आहे आणि तिला भूक लागते आहे.

स्मरणिका पुन्हा छापली जाणे शक्य नाही. माझ्याजवळच्या प्रतीत मी त्या पानावर एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर ती तीन वाक्ये अशी लिहिली आहेत : 'हे माझे उघडिपीचे दिवस आहेत. चौदा असतात म्हणे. मला एकवीस मिळाले आहेत.'